आई, तो बसचा ड्रायव्हर होता!

प्रिय आई, बाबा,

मी मजेत आहे, वेळेवर जेवते, जाड कोट घेतलाय, त्यामुळे ते प्रश्न आता नकोत.

आई, रविवारी व्हिडिओ कॉलवर जे ऐकलंस त्यावरून तू लगेच मामीला फोन लावलास हे कळलं मला. अगं तो बसचा ड्रायव्हर होता! मी उतरताना "थँक्यू लव्ह" म्हणाला, बास. इकडे इंग्लंडच्या उत्तरेला, यॉर्कशायरमध्ये, सगळे सगळ्यांना लव्ह म्हणतात. दुकानातली बाई म्हणते, वॉर्डातल्या आज्या म्हणतात, आणि पुरुष पुरुषांनाही म्हणतात, म्हणजे चांगले मिशावाले आडदांड गडी एकमेकांना "ऑल राइट, लव्ह?" विचारतात आणि कुणाला त्याचं काहीच वाटत नाही. नॉटिंगहॅमकडे 'डक' म्हणतात म्हणजे बदक, न्यूकॅसलला 'पेट', आणि ब्रिस्टलला तर 'माय लव्हर', मला तिकडे नोकरी लागली नाही हे तुझं नशीब समज. आपल्या कोल्हापुरात रिक्षावाला 'भावा' म्हणतो तो काय वाटणी मागायला येतो का? तसंच हे. प्रेमबिम काही नाही त्यात.

बाबा, तुमचं म्हणणं की आयईएलटीएसच्या इंग्लिश परीक्षेत एवढा स्कोअर येऊनही हिला तिथलं इंग्लिश कळत नाही म्हणजे क्लासचे पैसे वाया गेले. नाही गेले! हे लोक चुकीचं बोलत नाहीत, जुनं बोलतात. 866 साली समुद्रापलीकडून आलेल्या व्हायकिंग लोकांनी इथलं यॉर्क शहर घेतलं, त्यांचा शेवटचा राजा 954 ला गेला, पण त्यांचे शब्द इथल्या तोंडात बसले ते बसलेच. ओढ्याला 'बेक', पोरं खेळतात ते 'लेकिंग'. यॉर्कला जाऊन आले तर कॉपरगेट, स्टोनगेट अशी नावं सगळीकडे आणि गेट कुठेच नाही, कारण त्यांच्या भाषेत गेट म्हणजे रस्ता. वेशीला मात्र 'बार' म्हणतात, आता बोला.

परवा नाइटला एक आजोबा म्हणाले "आयॅम स्टार्व्ह्ड, लव्ह". नवीन सिस्टर सँडविच आणायला निघाली, मी ब्लँकेट आणलं. कारण इकडच्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात स्टार्व्ह्ड म्हणजे थंडीने गारठलोय. मूळ शब्दाचा अर्थ नुसता 'मरणे' होता, उपाशी मरणे हे नंतर आलं. म्हणजे तुमची लेक शिकतेय, एवढंच सांगायचंय.

आणि तुम्हाला आवडेल असा माणूस सांगते, जोसेफ राइट. इथून जवळच ब्रॅडफर्डकडचा. लहानपणीच गिरणीत कामाला लागला, पंधरा वर्षांचा होईपर्यंत लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि पुढे ऑक्सफर्डला प्रोफेसर झाला. त्याने इंग्लिश बोलींचा सहा खंडांचा शब्दकोश काढला, 1898 ते 1905. दादाला वाचून दाखवा हे, दोनदा.

बरं, पैसे शुक्रवारी पाठवलेत. हप्ता जाऊन उरतील त्यातून आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन करून घ्या, माझ्यासाठी थांबू नका. दिवाळीला येते म्हणाले होते पण रजा नाही मिळाली, वॉर्डला माणसंच नाहीत, आणि खरं म्हणजे तिकीटही फार आहे. मार्चमध्ये बघते, नक्की. फराळ पाठवू नकोस, कुरिअरचा खर्च उगाच, इथे मिळतं सगळं (चकली नाही मिळत तशी, पण चालतं).

सांगलीच्या स्थळाचा फोटो बघितला. बरा आहे. पण त्यांना शब्द द्यायच्या आधी मला एकदा बोलू दे त्याच्याशी, इकडे यायची तयारी आहे का ते मीच विचारते, तुम्ही नका विचारू. आणि दादाला म्हणावं गाडीचं यंदा जमणार नाही, रागावू नको.

तुमची,
पिंकी