बेबी कालव्याखालच्या मातीत शिसं किती?

प्रति,
मा. पर्यावरण व वातावरणीय बदल मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

सप्रेम नमस्कार.

पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेत येतं. मुंढव्याच्या जॅकवेलमधून (नदीकाठच्या उपसा विहिरीतून) ते उचलून जुन्या बेबी कालव्यात सोडतात आणि ते हवेली-दौंडच्या रानांत पोचतं. त्यावर ऊस होतो, तशी पालक-मेथीही होते. भाजीच्या जुड्या परत गुलटेकडीच्या मार्केट यार्डात येतात. हा पुनर्वापर बंद करा असं माझं म्हणणं नाही. खडकवासल्याचं पाणी वाचवायचं तर तो हवाच. पण या पाण्याने मातीचं काय होतं, हे तपासायचं काम नेमकं कुणाचं?

शेतकऱ्याच्या हाती जमीन आरोग्य पत्रिका आहे. तिच्यात १२ घटक असतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज, बोरॉन. सांडपाण्याबरोबर येऊ शकणाऱ्या शिसं, कॅडमियम, निकेल या विषारी धातूंना रकानाच नाही. पत्रिका खताची मात्रा ठरवायला काढलेली, त्यामुळे तिचा दोष नाही. पण पत्रिकेतले आकडे ठीक दिसले की शेतकरी निर्धास्त होतो, तो मात्र उगाच.

प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अहवाल नदीच्या बीओडीबद्दल बोलतात, म्हणजे सेंद्रिय घाण कुजवायला जिवाणूंना पाण्यातला किती ऑक्सिजन लागतो त्याबद्दल. बीओडी जिरतो, कारण सेंद्रिय घाण जिवाणू खाऊन टाकतात. धातू कुणी खात नाही. आपली काळी चिकण माती त्याला धरून ठेवते आणि पाण्याच्या प्रत्येक पाळीला थोडी भर पडते. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले, तेव्हा विहिरींचे नमुने धावपळीने घेतले गेले. कॅडमियम अशी हाक देत नाही, ते गुपचूप साठत राहतं.

प्रयोगशाळेत आयुष्य गेलं म्हणून एक गोष्ट हक्काने सांगतो. जस्त, लोह, तांबे, मँगनीज मोजायला मातीचा डीटीपीए अर्क काढतातच; डीटीपीए हे मातीतले धातू द्रावणात ओढून घेणारं रसायन. त्याच अर्कात पिकाला उपलब्ध असलेलं शिसं, कॅडमियम आणि निकेलही मोजता येतं. धातू मोजणाऱ्या ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन यंत्रात त्या-त्या धातूचा दिवा लावायचा आणि तुलनेसाठी धातूची मात्रा आधीच माहीत असलेली द्रावणं तयार करायची. एकूण धातू हवा असेल तर आम्लात माती विरघळवावी लागते, तो खर्च वेगळा. पण सुरुवातीला सगळीकडे त्याची गरज नाही.

यंत्रापेक्षा मला धास्ती नमुन्याची वाटते. धातूंसाठी घेतलेल्या पाण्यात जागेवरच नायट्रिक आम्ल घातलं नाही, तर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतो आणि आकडा छान कमी येतो. मातीचा नमुना जस्ताच्या बादलीत गोळा केला की जस्त वाढलंच. म्हणून अहवालावर निकालासोबत नमुना कुणी, कधी, किती खोलीवरून घेतला आणि आम्ल घातलं का, हेही छापलं पाहिजे.

कृषी खातं आपल्याकडे नाही, हे ठाऊक आहे. तरी प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि कृषी विभागाच्या माती परीक्षण प्रयोगशाळा यांना एका कामावर आणणं आपल्या हातात आहे. कालव्याच्या तोंडाशी, मध्ये आणि शेपटाला गावं निवडा. तुलनेला फक्त विहिरीवर भिजणारी रानंही घ्या. माती, पाणी आणि पालक यांचे नमुने एकाच दिवशी घ्या. निकाल मराठीत, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागू द्या. गट नंबर मात्र जाहीर करू नका. भाव पाडायला व्यापाऱ्याला तेवढं निमित्त पुरतं.

मातीत धातू जास्त निघाला तर तिथे पालेभाजीऐवजी काय घ्यायचं आणि मधल्या हंगामाचं नुकसान कोण सोसणार, हे नमुने घेण्याआधी ठरवा. नाहीतर शेतकरी बांधावरूनच माणसं परत पाठवेल, आणि त्यात त्याचं काही चुकणार नाही.

आपला,
एक निवृत्त रसायनतज्ज्ञ, हडपसर, पुणे