तीन नंबर कॉटजवळच्या सिस्टरना

सिस्टर, सप्रेम नमस्कार.

अण्णांना डिस्चार्ज मिळाला तेव्हा तुमची पाळी संपली होती, भेट राहिली. म्हणून सगळ्यांसमोरच लिहिते.

अण्णा रात्री जेवून झोपले आणि पहाटे उजवी बाजू लुळी. लकवा नेमका कधी मारला, कोण सांगणार? मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत लागतं, आणि ते तास माणूस शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून मोजतात. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता, म्हणजे त्या बाजूने इंजेक्शनला अडचण नव्हती, पण वेळ टळलेली. 'आता इथे ठेवून काय करायचं?' असं आमच्यातलेच बोलायला लागले.

तेवढ्यात आत्या चमच्याने चहा पाजायला निघाली आणि तुम्ही पार त्या टोकावरून ओरडलात. सगळ्यांना रागच आला. तुम्ही अण्णांना ताठ बसवलंत, चमचाभर पाणी दिलंत, गळ्यावर बोटं ठेवून घोट उतरतोय का पाहिलंत. ठसका लागला, आवाज ओला झाला. "चहा फुफ्फुसात गेला असता," म्हणालात आणि नाकातून नळी घातलीत. त्यानंतर ताप, साखर, दर दोन तासांनी कूस बदलणं. लुळा हात धरून ओढायचं नाही, खांदा निखळतो, हे वॉर्डबॉय मामांना आणि आम्हालाही दटावून शिकवलंत.

नंतर वाचलं. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या १९ स्ट्रोक युनिटमध्ये, म्हणजे लकव्याच्या खास वॉर्डांमध्ये, परिचारिकांना ताप, साखर आणि गिळणं या तिन्हींवर काटेकोर लक्ष ठेवायला शिकवून पाहिलं होतं. २०११ साली निकाल आले: ९० दिवसांनी दगावलेले किंवा परावलंबी झालेले रुग्ण तिथे ४२ टक्के, नेहमीचे उपचार झाले तिथे ५८. नवं यंत्र एकही नाही! तुमच्याकडे तर युनिटही नाही. टेबलासमोरच्या चार कॉट लकव्याच्या पेशंटसाठी तुम्ही धरून ठेवल्यात, इतकंच. पण मोठ्या शहरात न नेल्याबद्दल आम्हाला बोल लावणाऱ्या पाहुण्यांना मी आता हेच ऐकवते.

अण्णा काठी टेकत ओट्यापर्यंत जातात. बोलताना शब्द अडतात, शिव्या मात्र अस्खलित येतात. तसं होतं म्हणे.

या पत्राची प्रत जिल्हा शल्यचिकित्सकांना देतेय. त्या चार कॉटसाठी रात्रपाळीला आणखी एक सिस्टर द्यावी, अशी मागणी खाली जोडली आहे. गावातल्या बऱ्याच जणांनी सह्या केल्यात, आत्याची सही पहिली.

आपली,
तीन नंबरच्या अण्णांची मुलगी