कोणत्या साइटला काय विचारायचं

सोलापूर

चि. ऋतुजा हिस,
अनेक आशीर्वाद.

वनस्पतिशास्त्राचं नेटवर नेमकं कुठं वाचू, हा तुझा प्रश्न फोनवर दोन मिनिटांत उरकण्यासारखा नव्हता, म्हणून सविस्तर लिहितेय. फुकट साहित्य भरपूर आहे. अडचण अशी की प्रत्येक साइट एका विशिष्ट प्रश्नाचं उत्तर चांगलं देते आणि मुलं तिला भलताच प्रश्न विचारतात. मग तीन साइटवर तीन नावं दिसतात आणि सगळंच खोटं वाटायला लागतं.

सुरुवात नावापासून कर. 'प्लँट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन' ही लंडनच्या क्यू उद्यानाची साइट २०१७ पासून चालू आहे. तिथं नाव टाकलं की ते आज ग्राह्य आहे की दुसऱ्या एखाद्या नावाचा पर्याय आहे, हे पहिल्याच ओळीत कळतं. खाली जगाच्या नकाशावर मूळचा प्रदेश आणि नंतर पसरलेला प्रदेश वेगवेगळ्या रंगांत दिसतो. 'आयपीएनआय' हे नावांचं खातं आहे. नाव कुणी, कुठल्या ग्रंथात, कोणत्या साली, कितव्या पानावर छापलं एवढंच ते सांगतं. ते नाव आज चालतं का, याचा निवाडा त्याच्याकडे मागू नकोस. 'द प्लँट लिस्ट' गूगलवर अजून वर येते, पण ती २०१३ नंतर अद्ययावत झालेलीच नाही. तिची जागा 'वर्ल्ड फ्लोरा ऑनलाइन'ने घेतली आहे, त्यामुळे प्रोजेक्टमध्ये तिचा हवाला देऊ नकोस.

आपल्या बाभळीचंच घे. जुन्या पुस्तकात ती अकेशिया निलोटिका आहे, आता ती व्हॅचेलिया निलोटिका. २००५ च्या व्हिएन्नातल्या जागतिक वनस्पतिशास्त्र परिषदेत अकेशिया हे नाव मुख्यतः ऑस्ट्रेलियातल्या झाडांकडे गेलं आणि २०११ मध्ये मेलबर्नला तो निर्णय कायम झाला. म्हणून हिवर व्हॅचेलिया ल्युकोफ्लिया झाला आणि खैर सेनेगेलिया कॅटेचू. वेडी बाभूळ २०२२ पर्यंत प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा होती, आता नेल्टुमा ज्युलिफ्लोरा आहे. शमी मात्र प्रोसोपिसमध्येच राहिली. म्हणजे जुन्या पेपरात 'प्रोसोपिस' एवढंच लिहिलं असेल, तर पुढचा जातीचा शब्द पाहिल्याशिवाय काही समजू नकोस. नावापुढची माणसांची नावंही वाच. व्हॅचेलिया निलोटिकापुढं कंसात 'एल.' आहे आणि बाहेर हर्टर व मॅबर्ली. कंसातला लिनियस, त्यानं १७५३ मध्ये तिला मिमोसा म्हटलं. बाहेरच्या दोघांनी तिला आजच्या प्रजातीत (जीनसमध्ये) आणलं. व्हायवामध्ये हे हमखास विचारतात.

कुलांचाही (फॅमिलींचा) असाच घोळ होतो. जुन्या बेंथम-हूकर पद्धतीत साग व्हर्बिनेसीत आणि रुई अॅस्क्लेपिएडेसीत आहे, आणि काटेसावर बऱ्याच जुन्या पुस्तकांत बॉम्बॅकेसीत दिसते. एपीजी या डीएनएवर आधारलेल्या नव्या वर्गीकरणात (चौथी आवृत्ती २०१६ ची) ती अनुक्रमे लॅमिएसी, अॅपोसायनेसी आणि माल्व्हेसी या कुलांत आहेत. हे बदल का झाले ते मिसूरी वनस्पती उद्यानाच्या 'अँजिओस्पर्म फायलोजेनी वेबसाइट'वर मिळतं. ती साइट दिसायला रूक्ष आहे, पण मजकूर पक्का आहे. पेपरात अभ्यासक्रमातलं कुल लिही आणि शेजारी कंसात नवं लिही.

आता ओळख पटवण्याबद्दल. फोनवरची 'प्लँटनेट' आणि 'आयनॅचरलिस्ट' ही अॅप वापर, पण त्यांचं उत्तर ही फक्त सूचना समज. अॅपला जे दिसतं त्यावरच ते बोलतं. हिवर, बाभूळ आणि वेडी बाभूळ या तिघांचा पानांचा फोटो घातलास तर ते सर्रास गोंधळतं, कारण तिघांची पानं द्विपिच्छाकृती (पिसासारखी दोनदा विभागलेली), बारीक पर्णिकांची. फुलाचा फोटो दे, म्हणजे प्रश्न सुटतो. बाभळीला गर्द पिवळे गोंडे पानांच्या बगलेत येतात. हिवराचे गोंडे फिकट, मळकट पांढरे, आणि फांदीच्या टोकाला मोठ्या फुलोऱ्यात लागतात. वेडी बाभळीला गोंडा नसतोच, हिरवट पिवळं लांबुळकं कणीस लोंबतं. फुलं नसतील तर शेंगा पाहा. बाभळीची शेंग राखाडी लवेची, दोन बियांमध्ये आवळलेली, माळेसारखी. वेडी बाभळीची गवती पिवळी आणि गरदार.

प्रत्येक झाडाचे निदान सात फोटो काढ: अख्खं झाड, फांदीवर पानांची मांडणी, पान वरून, पान खालून, फूल समोरून व बाजूनं, आणि फळ. फुलाजवळ मोजपट्टी धर. त्याच वेळी वहीत तारीख, अक्षांश-रेखांश, जमीन कशी आहे, उंची, ताज्या फुलाचा रंग आणि तिथल्या माणसानं सांगितलेलं नाव लिही. वाळल्यावर रंग जातो आणि फोटोत उंची कळत नाही. आयनॅचरलिस्टवर 'रिसर्च ग्रेड' म्हणजे दोघातिघांचं एकमत झालं एवढाच अर्थ. ते दोघेतिघे चुकूही शकतात.

गवतांसाठी मात्र अॅपवर विसंबू नकोस. गवत ओळखायचं ते कणिशिकेवरून, म्हणजे कणसातल्या फुलांच्या छोट्या गुच्छावरून: तुषं (बाहेरची कोंड्यासारखी आवरणं) किती, कूस (केसासारखं टोक) कुठून निघते, ती वळलेली आहे का, देठाची कणिशिका आणि बिनदेठाची कणिशिका यांत फरक काय. फोनच्या कॅमेऱ्याला हे टिपता येत नाही. दहा पट मोठं दाखवणारं भिंग घे, कणिशिका पांढऱ्या कागदावर सुईनं उकल, आणि मग पुस्तकातली 'की' (लक्षणांवरून पायरीपायरीनं नावापर्यंत नेणारा तक्ता) लाव. कुसळी, पवण्या, मारवेल ही आपल्या माळावरची नेहमीची गवतं आधी हातानं ओळखायला शिक, मग पुढच्या गवतांना किती वेळ लागतो पाहा.

की लावायला जुने ग्रंथ लागतात आणि ते 'बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी'वर मोफत आहेत. थिओडोर कुकचा मुंबई इलाख्याचा फ्लोरा, म्हणजे तिथल्या वनस्पतींचा वर्णनग्रंथ, १९०१ ते १९०८ या काळात निघाला, तो तुझा मुख्य आधार. हूकरचा 'फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया' सात खंडांचा, १८७२ ते १८९७, त्यातलं गवत सातव्या खंडात. अख्खा खंड उतरवू नकोस, फाइल अवजड असते आणि हॉस्टेलचं वायफाय त्यात अडकून पडतं. साइटवर हवी ती पानं निवडून छोटी पीडीएफ करता येते. शोधखिडकीवरही भिस्त ठेवू नकोस. जुना बारीक छापा यंत्र चुकीचा वाचतं आणि असलेलं नाव 'सापडलं नाही' म्हणून सांगतं. शेवटच्या सूचीत पान क्रमांक पाहा आणि थेट त्या पानावर जा. कुकनं ठिकाणं कोकण, दख्खन, 'एस. एम. कंट्री', गुजरात, सिंध अशी विभागून दिली आहेत. एस. एम. कंट्री म्हणजे तेव्हाचा दक्षिण मराठा मुलूख. आपला भाग पाहायचा तर दख्खनखाली पाहा.

कुकनंतरचं सगळं भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या महाराष्ट्राच्या फ्लोरात आहे. एकदलींचा खंड १९९६ चा, द्विदलींचे दोन खंड २००० आणि २००१ चे. हे कॉलेजच्या ग्रंथालयात माग. त्याच संस्थेचं 'इंडियन व्हर्च्युअल हर्बेरियम' ऑनलाइन आहे, तिथं मूळ हर्बेरियम शीटची, म्हणजे कागदावर लावलेल्या वाळक्या नमुन्यांची, छायाचित्रं मोठी करून पाहता येतात. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेची द्वीपकल्पीय भारताच्या वनस्पतींची साइट आणि 'ईफ्लोरा ऑफ इंडिया' या दोन्हींवर फोटो भरपूर आहेत. मराठी संज्ञा अडली तर भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आणि मराठी विश्वकोश, दोन्ही ऑनलाइन आहेत.

तुझ्या प्रोजेक्टसाठी 'जीबीआयएफ' फार उपयोगाचं आहे. जगभरच्या हर्बेरियमांच्या आणि निरीक्षकांच्या नोंदी तिथं एकत्र केल्या आहेत. त्यात एक मेख आहे. तू 'सोलापूर' असं आजच्या इंग्रजी स्पेलिंगनं शोधलंस तर जुने नमुने निघणारच नाहीत, कारण शंभर वर्षांपूर्वीच्या नमुन्यावरच्या चिठ्ठीवर 'शोलापूर' असं स्पेलिंग आहे. दोन्ही स्पेलिंगं टाक. मग नोंदीचा प्रकार 'जतन केलेला नमुना' असा निवड, म्हणजे नुसते फोटो बाजूला पडतील. नकाशावर एकाच बिंदूवर नोंदींचा ढीग दिसला तर सावध हो. तो बहुधा जिल्ह्याचा मध्य असतो, कारण चिठ्ठीवर फक्त जिल्ह्याचं नाव होतं आणि नंतर कुणीतरी अक्षांश-रेखांश बसवले. त्या बिंदूवर जाऊन झाड शोधण्यात अर्थ नाही. माहिती उतरवायला मोफत खातं लागतं. फाइलमध्ये रकाने टॅबनं वेगळे केलेले असतात, ती एक्सेलमध्ये दुहेरी क्लिक करून उघडलीस तर सगळं एकाच रकान्यात कोंबलं जातं. 'डेटा आयात' मधून उघड आणि विभाजक म्हणून टॅब निवड. सोबत मिळणारा डीओआय क्रमांक (त्या माहितीचा कायमचा ओळख क्रमांक) जपून ठेव, अहवालात तोच द्यायचा असतो.

वनशास्त्राचा पाया म्हणजे डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाचा 'इंडिया स्टेट ऑफ फॉरेस्ट रिपोर्ट'. १९८७ पासून साधारण दर दोन वर्षांनी निघतो, पीडीएफ मोफत. तो वाचताना व्याख्या आधी वाच. एक हेक्टरपेक्षा मोठ्या ज्या जमिनीवर झाडांच्या छत्राची घनता १० टक्के किंवा जास्त आहे, ते 'वनाच्छादन', मग जमिनीची मालकी कुणाचीही असो. ७० टक्क्यांवर अतिघन, ४० ते ७० मध्यम, १० ते ४० विरळ. सरकारदप्तरी 'वन' म्हणून नोंदलेली जमीन हा वेगळाच आकडा आहे. आपल्या जिल्ह्याला हे नीट लागू होतं. बार्शी रोडवरचं नान्नजचं माळढोक अभयारण्य, १९७९ चं, वनखात्याकडे आहे, पण तो गवताळ माळ असल्यामुळे त्याचा बराच भाग वनाच्छादनात धरला जात नाही. म्हणून तक्त्यातला सोलापूरचा छोटा आकडा पाहून 'जिल्ह्यात निसर्गच उरला नाही' असा निष्कर्ष लिहिला जातो, तो चूक आहे. जित्याजागत्या माळाला ओसाड समजून तिथं झाडं लावायची घाई त्यातूनच होते, आणि ते मला मनापासून टोचतं. दोन अहवालांतल्या आकड्यांची सरळ वजाबाकीही करू नकोस. उपग्रहचित्र वाचण्यातल्या सुधारणेनंही आकडा बदलतो.

वनप्रकारांसाठी चँपियन आणि सेठ यांचं १९६८ चं वर्गीकरण वाच. झाडं वाढवण्याच्या माहितीसाठी ट्रूपचे १९२१ चे तीन खंड 'इंटरनेट अर्काइव्ह'वर आहेत, अजूनही कामाचे. बाभळीचं बी शेळ्यांच्या वाड्यातून गोळा करायची पद्धत घे. शेळीच्या पोटातून गेलेल्या बीचं टणक कवच मऊ पडतं आणि ती लवकर रुजते. नर्सरीत बी गरम पाण्यात भिजवतात त्यामागंही हेच कारण.

वनस्पतिरोगांसाठी घरचंच उदाहरण घे, डाळिंबावरचा तेल्या. केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राच्या साइटवर त्याची माहिती मिळते: पानावर तेलकट ठिपके, फळाला इंग्रजी एल किंवा वाय आकाराची चीर. पेपर शोधताना जंतूची दोन्ही नावं टाक. जुन्या पेपरांत झँथोमोनास अॅक्सोनोपोडिस आहे, नव्यांत झँथोमोनास सिट्री. एकाच नावानं शोधलंस तर निम्मं काम हाती लागणार नाही.

कोर्सेसबद्दल थोडक्यात. केंद्र सरकारच्या 'स्वयम' पोर्टलवर जानेवारी आणि जुलैची सत्रं असतात. शिकणं मोफत, परीक्षेला फी. ई-पीजी पाठशाळेचे वनस्पतिशास्त्राचे धडे एम.एस्सी.च्या पातळीचे आहेत, पण शरीररचना आणि शरीरक्रियेचे तुला आत्ताही जमतील. आडव्या छेदांसाठी स्पेनच्या व्हिगो विद्यापीठाचा ऊतींचा अॅटलस पाहा, स्लाइड शेजारी ठेवून पाहिलास तरच उपयोग. शोधगंगेवर प्रबंध प्रकरणवार मिळतात. त्यांतल्या जातींच्या याद्या तशाच उचलू नकोस, प्रत्येक नाव क्यूच्या साइटवर तपास. सशुल्क नियतकालिकांसाठी 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' १ जानेवारी २०२५ पासून सरकारी संस्थांना लागू आहे, तुमचं कॉलेज त्यात बसतं का ते ग्रंथपालांना विचार. आणि चॅटबॉटनं दिलेला संदर्भ पाहिल्याशिवाय लिहू नकोस. ते नसलेले पेपरही पूर्ण नावागावासकट सांगतं.

नान्नजला काम करायचं तर आत्ताच कॉलेजचं पत्र घेऊन वन्यजीव विभागाकडे अर्ज दे. अभयारण्यातून परवानगीशिवाय एक काडीही उचलता येत नाही, फोटोवर काम भागव. आपल्याकडे गवतं भाद्रपद-आश्विनात फुलतात. दिवाळीनंतर आलीस तर कुसळं झडलेली असतील आणि की लावायला कणिशिकाच मिळणार नाहीत. तेव्हा सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली सुट्टी धरून ये, भिंग आणि सुया मी आणून ठेवते.

तुझी,
आई