पऱ्हाट्यांची राख नको, बायोचार करा

संपादक महोदय,

कापूस निघाला की आमच्या विदर्भात पऱ्हाट्यांचे, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांचे, ढीग बांधावर पेटतात. मागे उरते ती थोडीशी राख. जीव तुटतो हे पाहून. त्याच पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या खड्ड्यात किंवा ड्रममध्ये कमी हवेत जाळून, राख होण्याआधी पाणी मारून विझवल्या तर बायोचार मिळतो. हा सच्छिद्र कोळसा पाणी आणि अन्नद्रव्ये धरून ठेवतो; त्यातला कर्ब जमिनीत शेकडो वर्षे टिकू शकतो. गुण जास्त दिसतो तो हलक्या, मुरमाड रानात. काळी भारी जमीन बहुधा आधीच विम्लधर्मी (अल्कधर्मी), बायोचारही बहुधा तसाच, म्हणून तिथे माती तपासल्याशिवाय टाकू नये. आणि नुसता टाकू नये. शेणखतात मुरवून टाकावा.

मात्र बायोचार आहे म्हणून गव्हाची पाण्याची पाळी चुकवता येत नाही. पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी मुकुटमुळे (खोडाच्या बुडाशी येणारी मुळे) फुटतात, तेव्हाचे पाणी चुकले की फुटवे घटतात. त्यानंतर फुलोऱ्याचे पाणी महत्त्वाचे.

कृषी विभागाने गावोगावी बायोचार करून दाखवावा आणि या पाळ्यांच्या दिवसांत तरी ओलितासाठी दिवसा वीज मिळावी.

– एक शेतकरी, जि. यवतमाळ