फ्लॉ, फरशी आणि हिरा

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

दागिन्यांच्या जाहिरातीचा मजकूर वाचला. चांगला जमलाय, पण एका ओळीआड 'फ्लॉलेस' आलंय. फोनवर तू घाईत असतेस, म्हणून लिहितो.

'फ्लॉ' म्हणजे दोष, हे आजचं झालं. १४व्या शतकातले इंग्रज हा शब्द बर्फाच्या भुरभुरत्या कणाला, आगीच्या ठिणगीलाही लावत. मूळ बहुधा जुन्या नॉर्स भाषेतलं 'फ्लागा', म्हणजे दगडाची लादी. फरशीला इंग्रजीत 'फ्लॅगस्टोन' म्हणतात, तोही याच भावकीतला. गावच्या ओट्यावरची शहाबादी आठव. कोपऱ्यावर घाव बसला की कसा पापुद्रा सुटतो! आधी तो सुटलेला तुकडा 'फ्लॉ', मग दगडातली चीर 'फ्लॉ', आणि होता होता कसलीही खोट 'फ्लॉ'. शेक्सपिअरचा लिअर राजा म्हणतो, रडण्याआधी या काळजाचे लाख 'फ्लॉ' होतील. तिथे दोष नव्हे, ठिकऱ्या. (समुद्रावर अचानक सुटणाऱ्या वाऱ्यालाही 'फ्लॉ' म्हणतात, पण तो नुसता नावबंधू, बहुधा डचांकडचा.)

आमच्या हिरेबाजारात मात्र हा शब्द फारसा कानावर येत नाही. चिमट्यात हिरा धरून आयग्लास डोळ्याला लावला की दिसतं ते 'इन्क्लूजन': काळा ठिपका, ढगासारखी धूसर जागा, पिसासारखी बारीक चीर. अमेरिकेच्या जीआयए संस्थेने १९५०च्या दशकात शुद्धतेची जी प्रतवारी ठरवली, तिच्या तळाशी 'आय' होता. आय म्हणजे इम्परफेक्ट. १९९०च्या दशकात त्याच 'आय'चं 'इन्क्लूडेड' केलं. अक्षर तेच, खडाही तोच! मला यात व्यापाऱ्याची हुशारी दिसते, पण शब्द चुकलेला नाही. जमिनीखाली १५० किलोमीटर किंवा त्याहून खोल हिरा घडतो, तेव्हा शेजारच्या खनिजाचा कण आत अडकतो. कधी तो गार्नेटचा, लालसर असतो. शुद्ध कार्बनवरून हिऱ्याचं वय काढता येत नाही. या कणांवरून येतं. काही हिरे तीन अब्ज वर्षांपूर्वीचे आहेत, हे असंच कळलं. आणि गिऱ्हाईक नेमके त्याच कणाचे पैसे कापतं.

आता तुझा मजकूर. 'फ्लॉलेस' हे कौतुकाचं विशेषण नाही, ती प्रत आहे. दहापट मोठं करून पाहिल्यावरही जाणकाराला आत-बाहेर काही सापडलं नाही, तरच ती मिळते. वरच्या वर किरकोळ ओरखडा असेल, तर 'इंटर्नली फ्लॉलेस'. तू पाठवलेल्या अंगठीच्या सर्टिफिकेटवर स्पष्ट 'एसआय वन' ('स्लाइटली इन्क्लूडेड', आत थोडंसं काही अडकलेलं) लिहिलंय. म्हणजे माल वाईट नाही. नुसत्या डोळ्याला बहुधा काही दिसणार नाही. त्याला आम्ही 'आय-क्लीन' म्हणतो (इथला 'आय' म्हणजे डोळा, प्रतीचं अक्षर नव्हे). एकदा अंगठी हातात घेऊन बघ आणि तेवढंच लिही. साहेब कुरकुरले तर फोन मला जोडून दे.

तुझा,
बाबा