सूचना: पहिल्या चाचणीच्या निकालाआधी आपापल्या विद्यार्थ्याला भेटा

सर्व विद्यार्थी-मार्गदर्शकांना विनंती, की पहिल्या अंतर्गत चाचणीचा निकाल लागण्याआधी आपल्याकडच्या नव्या विद्यार्थ्याला एकदा प्रत्यक्ष भेटावे. मेसेजवर "सगळं ठीक ना?" विचारलं, की "हो" एवढंच उत्तर येतं. घरातून कॉलेजात जाणारं पहिलंच माणूस असलं, की नेमकं काय विचारायचं हेच पुष्कळदा ठाऊक नसतं. श्रेयांक कसे मोजतात, हजेरी कमी पडली तर काय होतं, शिष्यवृत्तीचा अर्ज पुन्हा कधी भरायचा, शंका घेऊन सरांच्या किंवा मॅडमच्या केबिनमध्ये जाता येतं का, हे सगळ्यांना माहीतच आहे असं धरून चाललेलं असतं. तुम्ही ते न विचारता सांगा.

स्वतःबद्दल बोलताना अडचणीही सांगा. सामाजिक मानसशास्त्रज्ञ निकोल स्टीफन्स आणि सहकाऱ्यांचा २०१४ सालचा अमेरिकेतला अभ्यास याबाबत फार बोलका आहे. कॉलेजच्या वरच्या वर्षांतल्या मुलांनी आपल्या घरच्या परिस्थितीमुळे काय अडलं आणि त्यातून वाट कशी काढली, हे नव्या मुलांसमोर तासाभरात मोकळेपणाने मांडलं. ते ऐकलेले पहिल्या पिढीचे विद्यार्थी कॉलेजातली मदत जास्त घेऊ लागले आणि वर्षअखेर त्यांच्या आणि इतर मुलांच्या गुणांतली तफावत कमी झाली.

असाइनमेंट लिहून देऊ नका, शेजारी बसा. ऐकलेलं इतरांना सांगू नका. मात्र रॅगिंग, छळ किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार कळले, तर त्याच दिवशी समुपदेशकांकडे जा आणि तसं त्या विद्यार्थ्यालाही सांगा.

गटावर फक्त "भेट झाली" एवढंच लिहावे, तपशील नको.