खुलासा सादर : शिक्षणमंत्र्यांना एका विज्ञान शिक्षकाचे खुले पत्र

माननीय शालेय शिक्षणमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

मी लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यात एका अनुदानित माध्यमिक शाळेत २००२ सालापासून विज्ञान शिकवतो. आपल्या व्यापातून एका शिक्षकाच्या पत्रासाठी वेळ काढणे अवघड आहे, हे मी जाणतो. तरीही जाहीरपणे लिहीत आहे, कारण योग्य मार्गाने पाठवलेली माझी आधीची चार पत्रे त्या योग्य मार्गातच कुठेतरी मुक्कामाला राहिली आहेत.

गेल्या सोमवारी मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. ३० सप्टेंबरच्या दुपारी झालेल्या ऑनलाइन आढावा बैठकीस मी हजर राहिलो नाही, सबब एक दिवसाचे वेतन का कापू नये, याचा खुलासा तीन दिवसांत मागवला आहे. बैठकीचा विषय होता, विद्यार्थ्यांमध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन रुजवण्यासाठी घेतलेल्या उपक्रमांचे फोटो वेळेत अपलोड करणे. त्या वेळी मी दहावीच्या वर्गात असाच एक उपक्रम घेत होतो. फोटो काढायचा राहिला, हा माझा गुन्हा मी येथेच कबूल करतो.

आमच्या भागात ३० सप्टेंबर ही तारीख कोणाला सांगावी लागत नाही. १९९३ साली त्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. गणपती विसर्जन करून लोक नुकतेच झोपले होते. मी तेव्हा दहावीत होतो. माझी आत्या आणि तिची दोन मुले दगडमातीच्या भिंतीखाली गेली; त्या भिंतीची रुंदी दोन हातांपेक्षा जास्त होती आणि आत्याला तिचा अभिमान होता, कारण उन्हाळ्यात घर थंड राहत असे. पुढचे कित्येक महिने आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो आणि रोज ऐकत राहिलो की गावाचे पाप भरले होते, देवीचा कोप झाला. आमच्या विज्ञानाच्या सरांनी एके दिवशी पेन्सिलींवर लाकडी फळी ठेवली, फळीवर गोटे आणि चिखल यांचे घर रचले, शेजारी लहान विटांचे दुसरे घर बांधून दरवाज्याच्या वरच्या पातळीवर त्याच्या चारही भिंतींभोवती तारेचा पट्टा आवळला आणि मला फळी हलवायला सांगितली. पहिले घर कोसळले, दुसरे तडकले पण उभे राहिले. सर काहीच बोलले नाहीत. मी शिक्षक झालो तो त्या दुपारमुळे, आणि रुजू झाल्यापासून दरवर्षी ३० सप्टेंबरला मी ती फळी मांडतो. यंदा ती मांडल्याचे कारण मला लेखी द्यायचे आहे.

महोदय, शिक्षणसेवक म्हणून माझी पहिली तीन वर्षे दरमहा ४००० रुपयांवर गेली. त्यातूनच टिंक्चर आयोडीन, नळ्या, भिंगे, सेल, तारा यांचा खर्च निघत असे, आणि तो अजूनही बऱ्याच अंशी माझ्याच खिशातून निघतो, कारण वेतनेतर अनुदान कधी येते आणि कशात जाते, हे मुख्याध्यापकांनाही सांगता येत नाही. तक्रार पैशांची नाही (असे लिहायची पद्धत आहे, खरे तर ती पैशांचीही आहे).

माझी शिकवण्याची पद्धत साधी आहे. मोजल्याशिवाय उत्तर सांगायचे नाही. २३ सप्टेंबरला मुले मैदानात एक मीटर उंचीची काठी रोवतात आणि तिची सर्वांत आखूड सावली मोजतात. ती घड्याळात बारा वाजता पडत नाही, आमच्या गावी सव्वाबाराच्या सुमारास पडते, आणि असे का, यावरच एक तास जातो. सावली सुमारे ३३ सेंटिमीटर भरते आणि त्यावरून आपल्या गावाचा अक्षांश १८ अंशांच्या थोडा वर आहे, हे मुले स्वतः काढतात. एका वर्षी एका मुलीची सावली ३६ सेंटिमीटर आली. वर्ग हसला. मी तिला पुन्हा मोजायला लावले, पुन्हा ३६ आली. मग तिनेच दोऱ्याला दगड बांधून ओळंबा केला आणि काठी कलली आहे हे दाखवून दिले. या तासाला कोणत्या लिंकवर कोणता रकाना आहे, हे मला आजवर सापडलेले नाही.

आता प्रयोगशाळेविषयी. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडून साहित्याची मागणी यादी तातडीने, म्हणजे त्याच दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत, मागवण्यात आली. मी रात्री जागून आधीच तयार ठेवलेली यादी दिली : दोन सूक्ष्मदर्शक, काचेचे लोलक, पाण्याचे असंगत आचरण दाखवण्यासाठी होपचे उपकरण, परीक्षानळ्या. साहित्य ‘या सत्रातच’ मिळेल, असे एका कार्यक्रमात माइकवरून सांगण्यात आले आणि आम्ही टाळ्याही वाजवल्या. त्यानंतर चार सत्रे झाली. साहित्य आले नाही. यंदा जुलैमध्ये त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र भरण्याचा नमुना मात्र आला. न आलेल्या सूक्ष्मदर्शकातून मुलांनी कांद्याच्या सालीच्या न दिसलेल्या पेशी पाहिल्या, असे मी प्रमाणित करावे, अशी अपेक्षा आहे. प्रयोगशाळेच्या खोलीत सध्या शालेय पोषण आहाराच्या तांदळाची पोती आहेत, आणि प्रयोगशाळा सहायक निवृत्त झाल्यावर ते पद भरलेले नाही.

अशा शाळेत दहावीला प्रात्यक्षिकाचे २० गुण असतात आणि राज्यभर ते कसे वाटले जातात, हे आपणास कोणी सांगितले नसेल तर मी सांगतो. वह्या एकमेकांच्या पाहून उतरवल्या जातात आणि बहुतेकांना १८ किंवा १९ मिळतात. ज्याने कधी काडी ओढून बर्नर पेटवला नाही, त्यालाही. मीसुद्धा असे गुण दिले आहेत, कारण माझ्या मुलांचे दोन गुण कापून व्यवस्था सुधारणार नाही, मुलांचेच नुकसान होईल. मग हीच मुले लातूरला ‘पॅटर्न’मध्ये जातात. तेथे नीटचे प्रश्न सेकंदांच्या हिशेबाने सोडवायला शिकवतात आणि आईबाप त्यासाठी शेत गहाण ठेवतात. लोलक ज्याने हातात धरला नाही, असा मुलगा उद्या डॉक्टर होईल आणि आपण त्याचा सत्कार कराल.

माझ्या डायरीप्रमाणे गेल्या शैक्षणिक वर्षात माझे ४७ दिवस मतदार यादी, सर्वेक्षणे, आधार जुळवणी आणि बैठका यांत गेले. एखादा दिवस इकडेतिकडे असेल. तालुक्यात माझ्यासारखे शंभर शिक्षक धरले तर ४७०० दिवस, म्हणजे वर्षाचे २२० दिवस मानल्यास एकवीस वर्षांहून अधिक शाळा एका तालुक्यात एका वर्षात बुडते. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामांना मनाई करते. मतदार याद्यांचे काम शिक्षकांना सुट्टीच्या किंवा अध्यापन नसलेल्या दिवशीच द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सांगितले. राज्यघटनेच्या कलम ५१अ ने वैज्ञानिक दृष्टिकोन विकसित करणे हे नागरिकाचे कर्तव्य ठरवले. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्च करा म्हटले आणि २०२० च्या धोरणाने तेच ६ टक्के पुन्हा लिहिले. एवढी वर्षे एकच आकडा नव्याने लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला आम्ही वर्गात उभे करतो.

माझ्या मागण्या फार नाहीत. पोती हलवावीत. सहायकाचे पद भरावे. दहावीचे प्रात्यक्षिक बाहेरच्या परीक्षकासमोर, खऱ्या साहित्यावर घ्यावे. पहिल्या वर्षी आमच्या शाळेचे गुण घसरतील आणि मी ते सोसायला तयार आहे. आणि तासिका चालू असताना बैठक ठेवू नये.

नोटिशीची तीन दिवसांची मुदत काल संपली, तेव्हा हेच पत्र माझा खुलासा समजावे. वेतन कापायचे असल्यास कापावे. पुढील ३० सप्टेंबरलाही मी त्याच वेळी, त्याच वर्गात असेन.

आपला,
एक विज्ञान शिक्षक
तालुका औसा, जिल्हा लातूर

सोबत : नोटिशीची प्रत, उपयोगिता प्रमाणपत्राचा नमुना, कोरा, सही न केलेला.